जुन्या गिऱ्हाइकाला महाग भाव का?

दुकानाचे भाडे, विजेचे बिल, कारागिरांची मजुरी, हमाली हे सर्व आपण वहीत लिहितो. मोबाइलचा रिचार्ज मात्र बहुधा गल्ल्यातून परस्पर जातो. जो खर्च वहीत येत नाही, तो वाढला तरी कळत नाही. म्हणून या आठवड्यात आपण त्याच खर्चाचा अभ्यास करू. त्यासोबत एक प्रश्नही विचारू : वर्षानुवर्षे एकाच कंपनीकडे राहणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याच्या निष्ठेचे फळ काय मिळते?

निष्ठा की नाइलाज?

भारतात मोबाइलवरून पहिला फोन ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला झाला. सुरुवातीच्या काळात येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. २००३ साली ते थांबले. दर उतरत गेले, पण एक अडचण कायम राहिली. कंपनी बदलायची तर नंबर सोडावा लागे. शिंपी असो, गॅरेजवाला असो की फर्निचरचा कारागीर, त्याचा नंबर दुकानाच्या पाटीवर, बिलबुकावर आणि शेकडो गिऱ्हाइकांकडे लिहिलेला असतो. नंबर गेला की धंद्याचा पत्ताच गेला. म्हणून दर जास्त असला तरी माणूस जागचा हलत नसे. वरून ही निष्ठा दिसे, प्रत्यक्षात तो नाइलाज होता.

२५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर, नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली. ३ जुलै २०१५ पासून ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांनाही मिळाली. कायद्याने नाइलाज संपविला. सवय मात्र अजून संपलेली नाही.

सवयीची किंमत

प्रथम दिवसांचा हिशेब पाहा. २८ दिवसांच्या पॅकला आपण ‘महिन्याचा रिचार्ज’ म्हणतो. पण वर्षात महिने १२ आणि असे रिचार्ज १३ होतात, कारण २८ गुणिले १३ म्हणजे ३६४ दिवस. उदाहरणादाखल पॅक २०० रुपयांचा धरू. आपल्या अंदाजाने वर्षाला २,४०० रुपये, प्रत्यक्षात २,६००. दुकानाचा, घरचा आणि कामगाराचा असे तीन नंबर असतील तर ६०० रुपयांचा फरक. म्हणून कोणत्याही पॅकची किंमत त्याच्या दिवसांनी भागावी आणि रोजचा भाव काढावा. कापडाचे दोन तागे आपण मीटरच्या भावानेच पारखतो, तसेच हे आहे. ट्राय या सरकारी नियामक संस्थेने २०२२ साली प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचे आणि दरमहा त्याच तारखेला नवे होणारे पॅक ठेवणे बंधनकारक केले. ते मागावेत.

दुसरे, गरजेचा हिशेब. कारखान्यातील साध्या फोनला इंटरनेट लागत नाही. २३ डिसेंबर २०२४ रोजी ट्रायने फक्त बोलणे आणि एसएमएस यांचे वेगळे पॅक ठेवण्याचा नियम केला. विशेष पॅकची मुदतही ३६५ दिवसांपर्यंत वाढविण्यास परवानगी दिली. मात्र रिचार्ज करणारा दुकानदार ते आपण होऊन सुचवीलच असे नाही.

तिसरे, जुना पोस्टपेड प्लॅन. बाजारात स्वस्त प्लॅन आला म्हणून आपले बिल आपोआप उतरेल, या भरवशावर राहू नये. विचारणाऱ्यालाच नवा भाव मिळतो.

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. ब्रिटनमध्ये याला ‘निष्ठेचा दंड’ असे नाव पडले. तेथील सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थेने सप्टेंबर २०१८ मध्ये सरकारी स्पर्धा नियामकाकडे तक्रार दाखल केली. मोबाइल, ब्रॉडबँड, घराचा विमा, गृहकर्ज आणि बचत खाते या पाच बाजारांत जुन्या गिऱ्हाइकांना वर्षाला सुमारे ४ अब्ज पौंडांचा भुर्दंड बसतो, असे तिचे म्हणणे होते. हप्त्याने घेतलेल्या फोनची किंमत फिटून गेल्यावरही काहींचे मासिक बिल तेवढेच येत राहिले होते.

कंपनी बदलताना

आपल्या मोबाइलवरून इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहून, जागा सोडून, आपला नंबर लिहावा आणि १९०० वर एसएमएस करावा. येणारा कोड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जावे. महाराष्ट्रात हा कोड ४ दिवस चालतो. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले असावेत आणि पोस्टपेडची थकबाकी नसावी. प्रीपेडची शिल्लक पुढे जात नाही, म्हणून पॅक संपत आल्यावरच बदल करावा. बदलाच्या वेळी काही तास फोन बंद राहू शकतो. ईदच्या गर्दीचे दिवस टाळावेत. कोड परक्या माणसाला सांगू नये. आणि सर्वांत आधी, नव्या कंपनीचे नेटवर्क आपल्या दुकानात येते का, हे शेजाऱ्याच्या फोनवर पाहून घ्यावे.

आता आपली वही उघडू या

इथपर्यंत आपण गिऱ्हाईक होतो. आता गल्ल्यामागे बसून पाहू. जो माणूस वीस वर्षे आपल्याकडे येतो, भाव विचारत नाही, ‘बांधून द्या’ म्हणतो, त्याला आपण कोणता भाव लावतो? आणि चार दुकाने फिरून आलेल्याला कोणता?

फिकहमध्ये अशा विश्वासू गिऱ्हाइकाला ‘मुस्तरसिल’ म्हणतात : ज्याला भाव ठाऊक नाही आणि जो घासाघीस न करता विक्रेत्यावर विसंबतो. रूढ मर्यादेपलीकडे त्याची लूट झाली तर सौदा मोडण्याचा हक्क हंबली फिकहने त्याला दिला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी माल घेऊन येणाऱ्या काफिल्याला बाजाराबाहेर गाठून सौदा करण्यास मनाई केली. तेथेही मुद्दा हाच होता की, समोरच्याला बाजारभाव ठाऊक नसण्याचा फायदा घेऊ नये.

नव्या गिऱ्हाइकाला उघडपणे सूट देणे गैर नाही. घासाघीसही व्यापारात चालते. परंतु ज्याने आपल्यावर विश्वास टाकला, त्याच्याच विश्वासाची किंमत त्याच्याकडून वसूल करणे ही अमानतीत खयानत होय. मोबाइल कंपनीविरुद्ध आपली जी तक्रार आहे, तीच आपल्या जुन्या गिऱ्हाइकाची आपल्याविरुद्ध असू नये. त्याचा नंबर तर आधीपासूनच त्याच्या खिशात आहे. तो एक दिवस न बोलता शेजारच्या दुकानात जाईल.

या आठवड्याचा अभ्यास

१. घर आणि दुकान येथील सर्व नंबरांचा वर्षाचा खर्च वहीत लिहा आणि प्रत्येकाचा रोजचा भाव काढा.

२. इंटरनेटची गरज नसलेला नंबर कोणता, ते ठरवा.

३. आपल्या दहा जुन्या गिऱ्हाइकांची शेवटची बिले काढा. त्याच मालाला नव्या माणसाकडून घेतलेल्या भावाशी ती ताडून पाहा. फरक दिसला तर पुढच्या बिलात तो स्वतःहून दुरुस्त करा. बरकत तिथूनच सुरू होते.