दार कोणाच्या हातात?

आजचं वाचन: योहानाचं तिसरं पत्र, पूर्ण



आजचं वाचन तीन मिनिटांत संपतं. मूळ ग्रीक शब्द मोजले तर नव्या करारातलं हे सर्वात छोटं पुस्तक आहे. लिहिणारा स्वतःचं नावही देत नाही, फक्त वडील म्हणवतो (परंपरेने तो प्रेषित योहान). पण तुम्ही वीस-तीस जणांची मंडळी चालवत असाल, किंवा एखादा सेल ग्रुप जरी, तरी हे पत्र तुमच्यासाठीच आहे असं समजून वाचा.

त्या काळी चर्चच्या इमारती नव्हत्या. मंडळी कुणाच्या तरी घरात जमायची. सुवार्तिक गावोगाव फिरायचे आणि विदेशी लोकांकडून काही घ्यायचे नाहीत (वचन ७). म्हणजे एखाद्या विश्वासी घरात जेवण आणि अंथरूण मिळालं, तरच पुढचा प्रवास. गायस ही सोय करत होता, तीही अनोळखी भावांसाठी.

आणि मग वचन ९ आणि १० मध्ये दियत्रफेस येतो. योहानाचं तो मानत नाही. त्याच्याबद्दल वाईटसाईट बोलतो. आलेल्या भावांना घरात घेत नाही. एवढ्यावर थांबत नाही, जे घेतात त्यांनाही अडवतो आणि मंडळीतून बाहेर काढतो. आता नीट बघा: तो खोटी शिकवण देतो असं योहान कुठेही म्हणत नाही. त्याचा संदेश कदाचित उत्तम असेल! योहान त्याचा रोग एकाच ग्रीक शब्दात सांगतो, फिलोप्रोतेउओन, म्हणजे ज्याला पहिलं असणं आवडतं असा. हा शब्द नव्या करारात आणखी कुठेच येत नाही.

काल आपण दुसरं पत्र वाचलं. तिथे उलट सांगितलंय, खरी शिकवण न आणणाऱ्याला घरात घेऊ नका. मग काय, दार उघडायचं की लावायचं? दोन्ही. म्हणूनच पुढारीपण अवघड आहे. दार लावताना आपण नेहमी म्हणतो की मंडळीच्या रक्षणासाठी लावतोय. दियत्रफेसही बहुतेक तेच म्हणत असणार. फरक एवढाच की आत येणाऱ्यामुळे सत्याला धोका आहे की माझ्या खुर्चीला.

लहान मंडळीत हा मोह मोठा असतो, कारण सगळंच एका माणसाकडे साचतं. हॉलची किल्ली, अर्पणाचा हिशेब, रविवारचा संदेश, व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपद. वाईट हेतूने नाही हो, दुसरं कुणी पुढे येत नाही म्हणून! आमच्या क्षेत्रात ज्या सिस्टीमचा पासवर्ड एकालाच माहीत, तिला आम्ही धोक्यात धरतो, तो माणूस कितीही प्रामाणिक असला तरी. मंडळीत मात्र त्याच गोष्टीला आपण समर्पण म्हणतो.

त्यामुळे साध्या गोष्टींपासून सुरू करा. अर्पण दोघांनी मिळून मोजावं आणि दोघांनी सही करावी. महिन्यातून एक रविवार दुसऱ्याला संदेश द्यायला लावा, आणि तो बोलत असताना मागे बसून फक्त ऐका (हे फार कठीण जातं). कुणी दुसऱ्या मंडळीत गेलं तर त्याच्यासाठी प्रार्थना करा. त्याच्यामागे त्याची चर्चा नको. पाहुणा सेवक आला तर त्याला कुणाच्या तरी घरी जेवायला न्या. ते घर तुमचंच असायला हवं असं नाही.

योहान या सगळ्याला कसं हाताळतो तेही बघा. तो गप्प बसत नाही. मी आलो की त्याची कृत्यं सगळ्यांसमोर काढीन, असं स्पष्ट लिहितो. पण पत्र दियत्रफेसविरुद्ध फौज उभी करण्यासाठी नाही. तो गायसला सांगतो, तू चांगल्याचं अनुकरण कर, आणि लगेच देमेत्रियाचं नाव घेतो, ज्याच्याविषयी सगळे चांगलं बोलतात. बाकीचं शाईने लिहायचं नाही, समोरासमोर बोलायचं, असं तो ठरवतो. (मंडळीतले वाद रात्री ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकून सोडवणाऱ्यांनी हे वचन दोनदा वाचावं.)

आणि शेवटी निरोप: तिथल्या मित्रांना नावानिशी सलाम सांग. तीस जणांच्या मंडळीत हे जमतं. आज झोपण्यापूर्वी आपल्या मंडळीतल्या प्रत्येकाचं नाव घेऊन प्रार्थना करा. गेल्या महिन्यात यायचे थांबले, त्यांचंही.

उद्याचं वाचन: यहूदाचं पत्र.