रात्रीची जाग

प्रश्न : आम्ही कुसगावला राहतो. तीन महिन्यांचं बाळ रात्री सारखं उठतं. सासूबाई म्हणतात, वरचं दूध द्या. देऊ का?

उत्तर : नको. अंगावरचं दूध लवकर पचतं, त्यामुळे या वयात रात्री उठणं स्वाभाविकच. दिवसाला सहा-सात वेळा लघवी होत असेल, वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. दिवसा उजेडात खेळवा. रात्री मंद दिव्यात, न बोलता पाजा. जरा कुरकुरलं की लगेच उचलू नका.

तुमच्या लोणावळ्याकडच्या पावसाळी गारठ्यात दुपट्यांवर दुपटी चढतात आणि घामेजलेलं बाळ जागतं. मान ओलसर लागली तर एक कपडा कमी करा. बंद खोलीत शेगडी मात्र मुळीच नको, तिचा विषारी वायू जीवघेणा ठरतो. उताणं झोपवा, तोंडाजवळ उशी, गोधडी नको. ताप आला किंवा दूध ओढणं कमी झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.