संगणकाचे विरजण

दही कशापासून होते, असे विचारले तर तुम्ही चटकन सांगाल, "दुधापासून." पण नुसते दूध ठेवून दिले म्हणजे त्याचे चांगले दही लागेलच असे नाही. त्यात चमचाभर आधीचे दही, म्हणजे विरजण, घालावे लागते. म्हणजे दही करावयाचे तर आधी दही हवे! घरातले विरजण संपले, तर वाटी घेऊन शेजारी जावे लागते.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरातल्या संगणकापुढे रोज हाच पेच असतो. संगणक स्वतःहून काही करीत नाही. मुख्य स्मृतीत ज्या आज्ञा असतील, त्या तो एकामागून एक पाळतो. विंडोज किंवा लिनक्स यांसारखी कार्यप्रणाली तबकडीवर साठवलेली असते. ती तेथून उचलून स्मृतीत आणणे हेही एक कामच. त्यासाठीही आज्ञावली हवी. आणि वीज बंद होताच मुख्य स्मृती तर कोरी होते! मग बटण दाबल्यावर पहिली आज्ञा येते कोठून?

पहिली आज्ञा

१९७५ साली अमेरिकेत आल्टेअर ८८०० नावाचा छोटा संगणक विक्रीस आला. त्याला ना पडदा होता, ना कळफलक. पुढच्या पट्टीवर खटक्यांची रांग होती. ते वरखाली करून माणूस एकेक बाइट हाताने स्मृतीत भरी. अशी छोटीशी आज्ञावली भरून झाली, की ती कागदी फितीवरची मोठी आज्ञावली वाचून घेई. वीज गेली, की पुन्हा पहिल्यापासून खटके!

इंग्रजीत बुटाच्या मागच्या पट्टीला बूटस्ट्रॅप म्हणतात. आपल्याच बुटाची पट्टी ओढून स्वतःला वर उचलणे, असा तिकडे एक वाक्प्रचार आहे. संगणकाने स्वतःच स्वतःला सुरू करण्याला त्यावरून 'बूट होणे' हे नाव पडले.

पुढे खटक्यांची जागा कायम स्मृतीच्या चिपने घेतली. वीज गेली तरी तिच्यातील आज्ञा पुसल्या जात नाहीत. ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या पीसीमध्ये अशा चिपेत जी आज्ञावली होती, तिला बायॉस म्हणत. आजच्या संगणकांत तिचे काम यूईएफआय नावाची अधिक मोठी आज्ञावली करते. हेच संगणकाचे विरजण.

पाचशे बारा बाइटांचा खाना

बायॉसचे काम मोठे गमतीचे होते. यंत्राची तपासणी झाली, की ती तबकडीवरचा अगदी पहिला खाना वाची. हा खाना अवघ्या ५१२ बाइटांचा. हार्ड डिस्कवर त्याची वाटणी अशी असे: ४४६ बाइटांत आज्ञा, ६४ बाइटांत तबकडीच्या विभागांचा तक्ता आणि शेवटच्या २ बाइटांत खूण. बेरीज करून पाहा. खुणेचे आकडे ८५ आणि १७०. द्विमान पद्धतीत लिहिले तर ०१०१०१०१ आणि १०१०१०१०! ही खूण दिसली, की "येथून सुरू होता येईल" असे समजावयाचे.

यूईएफआयची रीत वेगळी. ती तबकडीवरच्या एका खास विभागात ठरावीक नावाची फाईल शोधते. तत्त्व मात्र तेच: लहान आज्ञावलीने मोठीला हाक मारावयाची, मोठीने तिच्याहून मोठीला. ही एक साखळी आहे आणि साखळीची एक कडी तुटली तरी सगळी निरुपयोगी.

साखळी तुटली तर?

समजा, अद्ययावत करण्याचे काम चालू असताना वीज गेली आणि कार्यप्रणालीच्या फायली अर्धवट राहिल्या. आता पडद्यावर चमत्कारिक संदेश येतो आणि गाडी पुढे सरकत नाही. घरच्यांना वाटते, संगणक गेला! त्यातली छायाचित्रे, ताईचा प्रकल्प, बाबांचे हिशेब, सगळे गेले!

पण जरा विचार करा. प्रक्रियक ठीक आहे, स्मृती ठीक आहे, पडदा ठीक आहे. बहुधा फायलीही जागच्या जागी आहेत. बिघडली आहे ती मधली एक कडी. अशा वेळी संगणकाला सांगता येते, "आतल्या तबकडीकडे जाऊ नकोस, बाहेरून लावलेल्या या पेन ड्राइव्हवरून सुरू हो." शेजारून विरजण आणण्यासारखेच हे!

२००० साली जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी क्नॉपिक्स नावाची लिनक्स प्रणाली प्रसिद्ध केली. सुमारे ७०० मेगाबाइटांच्या एका सीडीत ती दाबून बसवलेली असे आणि संगणकातल्या तबकडीला हातही न लावता चाले. अडलेल्या संगणकांतील फायली सोडवून घेण्यास ती फार उपयोगी पडली. आज तेच काम पेन ड्राइव्ह करतो.

हा पेन ड्राइव्ह संगणक बिघडण्यापूर्वी तयार करावयाचा असतो. बिघडलेल्या संगणकावर तो करता येत नाही. दही संपवण्याआधी विरजण बाजूला काढतात, ते उगाच नव्हे.

कृती

(इंटेल किंवा एएमडी प्रक्रियक असलेल्या नेहमीच्या संगणकांसाठी. घरातील मोठ्या माणसांना सोबत घ्या.)

१. किमान ८ गिगाबाइटांचा पेन ड्राइव्ह घ्या. त्यावरचे सर्व काही पुसले जाणार आहे. हवे असेल ते आधी दुसरीकडे उतरवा.

२. लिनक्स मिंटसारख्या एखाद्या प्रणालीची आयएसओ फाईल तिच्या मूळ संकेतस्थळावरून उतरवून घ्या. ती काही गिगाबाइटांची असते.

३. फाईल तपासा. संकेतस्थळावर फाईलबरोबर ६४ चिन्हांची एक ओळ दिलेली असते. ती म्हणजे फाईलचा जणू अंगठ्याचा ठसा. विंडोजमधील 'सर्टयुटिल' या आज्ञेने तुमच्या फाईलचा ठसा काढा आणि दोन्ही ताडून पाहा. उतरवताना एक बिट जरी बदलला असेल, तरी ठसा पार निराळा येतो. तसे झाले तर फाईल पुन्हा उतरवा.

४. आता रूफस किंवा एचर यांसारख्या आज्ञावलीने ती फाईल पेन ड्राइव्हवर लिहा. नेहमीसारखी नुसती नक्कल करून भागत नाही. ते जेवणाचा डबा न उघडता ताटात ठेवल्यासारखे होईल! यूईएफआयला हवी असलेली फाईल आयएसओच्या पोटात बंद राहील आणि तिला ती सापडणार नाही. लिहिण्यापूर्वी जोडलेल्या इतर तबकड्या काढून ठेवा, म्हणजे चुकून भलतीच पुसली जाणार नाही.

५. विंडोज वापरत असाल तर दुसऱ्या, १६ गिगाबाइटांच्या किंवा मोठ्या पेन ड्राइव्हवर विंडोजचा स्वतःचा 'रिकव्हरी ड्राइव्ह' करून ठेवा. त्याची सोय विंडोजमध्येच असते. तो कार्यप्रणाली दुरुस्त करतो किंवा नव्याने बसवतो. पण ध्यानात ठेवा, तुमच्या स्वतःच्या फायली त्यात साठवल्या जात नाहीत. वर्षातून एकदा तो नव्याने करावा.

६. अनेक नव्या संगणकांत तबकडीवरील मजकूर कुलूपबंद असतो. विंडोजच्या बिटलॉकर कुलपाची आणीबाणीची किल्ली ४८ अंकांची असते. ती कागदावर लिहून जपून ठेवा. किल्ली नसेल तर पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू होईल, पण फायली वाचता येणार नाहीत.

आजच करून पाहा

पेन ड्राइव्ह झाला म्हणून खणात टाकू नका. संगणक चांगला चालत असतानाच तो लावून पाहा. यंत्र सुरू होताना ठरावीक कळ दाबली, की कोठून सुरू व्हावयाचे याची यादी येते. ही कळ कोणाची एफ-१२, कोणाची एफ-९, तर कोणाची एस्केप असते. यादीतून पेन ड्राइव्ह निवडा. थोड्या वेळात लिनक्सचा पडदा दिसेल. ही प्रणाली मुख्य स्मृतीत चालत असते. तेथील 'इन्स्टॉल' या चिन्हाला मात्र हात लावू नका. त्याने तबकडीवरचा मजकूर पुसला जाऊ शकतो.

ही चाचणी आधी का करावयाची? उद्या संगणक अडला आणि पेन ड्राइव्हही चालला नाही, तर दोष कोणाचा? पेन ड्राइव्ह पूर्वी याच संगणकावर चाललेला असेल, तरच संगणकाकडे बोट दाखवता येईल. प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो, त्यातलाच हा प्रकार.

आता निदान कसे होते पाहा. पेन ड्राइव्हवरून यंत्र नीट चालले आणि फायलीही दिसल्या, तर बिघाड बहुधा कार्यप्रणालीत. यंत्र चालले पण तबकडीच दिसली नाही, तर संशय तबकडीवर किंवा तिच्या जोडणीवर. काहीच चालले नाही, तर स्मृती, वीजपुरवठा किंवा मदरबोर्ड यांची तपासणी जाणकाराकडून करून घ्यावी.

आधी फायली, मग दुरुस्ती

आणि सर्वांत महत्त्वाचा नियम. फायली दिसल्या, की लगेच दुरुस्तीला लागू नका. दुसरी तबकडी जोडून प्रथम त्या तिच्यावर उतरवा. दुरुस्तीच्या भरात तबकडीवर नवे काही लिहिले गेले, तर जुने कायमचे नाहीसे होऊ शकते. फिरत्या तबकडीतून टकटक असा आवाज येत असेल, तर ती तत्काळ बंद करा. प्रत्येक फेरीला इजा वाढण्याचा धोका असतो. विंडोज पुन्हा बसवता येते. आजीचे जुने छायाचित्र पुन्हा काढता येत नाही.

विचार करा आणि करून पाहा

१. एका ओळीची मजकूर फाईल तयार करा. तिचा ठसा काढा. एक अक्षर बदलून पुन्हा काढा. ६४ पैकी किती चिन्हे जागच्या जागी राहिली?

२. तुमच्या संगणकाची यादी दाखवणारी कळ कोणती? शोधून काढा आणि पेन ड्राइव्हला दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर लिहून ठेवा.

३. पेन ड्राइव्हवरून चालू केलेल्या लिनक्समध्ये एक चित्र काढून डेस्कटॉपवर साठवा. संगणक बंद करून पुन्हा पेन ड्राइव्हवरूनच सुरू करा. चित्र कोठे गेले? का गेले?