आजारपण आणि सरपंचाची सही

तोंडाच्या कर्करोगाचे निदान झाले तेव्हा मी गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीचा सरपंच होतो. आधी शस्त्रक्रिया, मग सुमारे सहा आठवडे रेडिएशन, तेही आठवड्यातले पाच दिवस, असे नागपूरला सांगितले गेले. गावकरी म्हणाले, "भाऊ, तुम्ही फक्त खुर्चीवर राहा, काम आम्ही पाहून घेऊ." सगळे प्रेमानेच बोलत होते. तरीही मी राजीनामा दिला. उद्या ही वेळ ज्याच्यावर येईल, त्याच्यासाठी हे लिहितो आहे.

"काम आम्ही पाहून घेऊ" याचा खरा अर्थ आधी समजून घ्या. ग्रामपंचायतीचे खाते सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) यांच्या जोड सहीने चालते. वित्त आयोगाचा पैसा आता ई-ग्रामस्वराजवरून जातो, त्यासाठी डिजिटल सहीचा डोंगल लागतो. सरपंच नागपूरला खाटेवर असला तर नळयोजनेचे बिल अडते. नाहीतर डोंगल आणि त्याचा पासवर्ड कुणाच्या तरी खिशात जातो. माझ्याकडेही तो मागितला गेला, कोऱ्या कागदांवर सह्याही मागितल्या गेल्या. मी दिल्या नाहीत, त्यावरून रुसवेफुगवे झाले. पण चौकशी लागली की तुम्ही आजारी होता हे कुणी विचारत नाही, सही तुमची आहे एवढेच पाहतात.

माझ्या आजारपणाच्या उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम मात्र सुरळीत पार पडला, कारण तो ग्रामसभेच्या हातात होता. लिलाव ग्रामसभेचा, खातेही वेगळे. आमच्या शेजारच्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचा ही तिथली जुनी रीत. जे काम अनेकांच्या हातात होते ते चालले, एकट्यावर टांगलेले अडले. हे आजारपणाआधी दिसायला हवे, पण निरोगी माणसाला ते दिसत नाही.

लगेच राजीनामाच द्यायला हवा असे नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 चे कलम 40 वाचा. पंचायतीच्या परवानगीशिवाय सलग सहा महिने सभांना गैरहजर राहिलात तर पद आपोआप जाते. रजा न घेता सलग चार महिन्यांहून जास्त गावाबाहेर राहिलात तरी जाते. पण सहा महिन्यांपर्यंत रजा मागता येते आणि त्या काळात उपसरपंच कारभार पाहतो. उपचार संपून माणूस उभा राहणार असेल तर रजाच घ्यावी. माझ्या जिभेचा भाग काढल्यावर ग्रामसभेत माझे बोलणे कुणाला कळेना. चार वाडे-टोल्यांची भांडणे ऐकून घेणे आणि मिटवणे हेच ज्याचे काम, त्याचा आवाज गेला की रजेने भागत नाही.

घरच्यांना दुसरीच भीती होती, राजीनामा दिला तर पद दुसऱ्या प्रवर्गाकडे जाईल. पेसा (अनुसूचित) क्षेत्रात सरपंचपद अनुसूचित जमातीसाठीच राखीव असते, त्यामुळे ही भीती निराधार आहे.

मोठ्या पदांवरच्या माणसांवरही ही वेळ येते. आर. आर. (आबा) पाटील गडचिरोलीचे पालकमंत्री होते. ते पद त्यांनी स्वतःहून मागून घेतले होते, म्हणून इथल्या माणसांना ते आपले वाटत. ऑक्टोबर 2014 मध्ये ते तासगावातून निवडून आले आणि 16 फेब्रुवारी 2015 रोजी तोंडाच्या कर्करोगाने गेले. वय 57. चंद्रपूरचे खासदार बाळू धानोरकर 30 मे 2023 रोजी गेले, वडिलांच्या पाठोपाठ तीनच दिवसांनी. त्यांना राजीनाम्याचा विचार करायलाही सवड मिळाली नाही. पोटनिवडणूक झालीच नाही, जून 2024 पर्यंत चंद्रपूरला खासदार नव्हता. जून 2022 मध्ये आजारी आमदार लक्ष्मण जगताप आणि मुक्ता टिळक रुग्णवाहिकेतून विधान भवनात मतदानाला आले. दोघेही पुढच्या काही महिन्यांत गेले. त्यांच्या निष्ठेला नमस्कार. पण ते चित्र आदर्श म्हणून कार्यकर्त्यांपुढे ठेवू नये, असे मला स्पष्ट वाटते. आजारी माणसाला घरी राहू देणे हीसुद्धा पक्षाची जबाबदारी आहे.

उपचाराच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रे आधी जुळवा. पदावर आहोत म्हणून लाजून मागे राहू नका, रेशनकार्ड सरपंचाचेही असते. आणि तोंडातला पांढरा चट्टा, न भरणारी जखम तंबाखूचा खर्रा खाणाऱ्याने दाखवायला उशीर करू नये. मीटिंग पुढच्या आठवड्यात घेता येते.

राजीनामा द्यायचाच ठरला तर सरपंचाने तो पंचायत समितीच्या सभापतींच्या नावे द्यावा, सदस्याने आणि उपसरपंचाने सरपंचाकडे. सभापती नसतील, प्रशासक असेल, तर गटविकास अधिकाऱ्यांना विचारून घ्या. राजीनामा पंचायतीच्या पुढच्या सभेत ठेवला जातो. त्याच्या खरेपणाबद्दल वाद असेल तर सात दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येते. आजारी माणसाच्या उशाशी बसून राजीनामे लिहून घेतले जातात, म्हणून या तरतुदीचे मोल. तेव्हा शुद्धीत असताना, स्वतःच्या हाताने लिहा. डोंगल परत करा, रोकडवही आणि शिक्के ग्रामसेवकासमोर यादी करून सोपवा, आणि त्या यादीची सही-शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय नागपूरची गाडी पकडू नका.