टोकाने वाढणारा यंत्रमानव आणि पिकाचे मूळ

यंत्रमानव म्हटला म्हणजे दोन हात व दोन पाय असलेली लोखंडी आकृती डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु यंत्राने माणसासारखे चालावे किंवा जनावरासारखे धावावे, असा काही नियम नाही. बैलगाडीचे चाक कोणत्याही प्राण्याच्या अंगी नसते. तरी शेतकऱ्याचा भार तेच वाहत आले आहे. यंत्राचा देह त्याच्या कामास साजेसा असावा, एवढेच खरे. येथे वर्णिलेले यंत्र चालत नाही व सरपटतही नाही. ते वेलीप्रमाणे वाढते.

रचना

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली ह्या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. पातळ प्लॅस्टिकची लांब नळी हाच त्याचा देह. ही नळी उलटलेल्या पायमोज्याप्रमाणे आतल्या आत दुमडलेली असते. मागून हवेचा दाब दिला की आतील भाग टोकाशी उलगडून बाहेर येतो व नळी पुढे वाढते. प्रयोगात ती ७२ मीटरपर्यंत वाढली. बाजूच्या बारीक पोकळ्यांत हवा भरून तिला वळविता येते.

टोकाने वाढण्याचा लाभ

बुजलेल्या मोरीत बांबू मागून ढकलला, तर तो जितका आत जाईल तितके घर्षण वाढते व अखेर तो अडकतो. ह्या नळीचे तसे होत नाही. बाहेर आलेला भाग जागच्या जागी स्थिर राहतो. पुढे सरकते ते केवळ टोक. त्यामुळे चिकट पृष्ठभागावरूनही ती गेली. खिळे रुतले तरी ती पुढे वाढत राहिली. कारण रुतलेल्या जागी नळी हलत नसल्याने भोक फाटून मोठे होत नाही.

कोसळलेल्या घरांच्या ढिगाऱ्यात माणसे शोधणे, हा अशा यंत्राचा एक हेतू आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसे गाडली गेली. ढिगारा न हलविता आत पोहोचण्याचे मोल ग्रामीण महाराष्ट्रास वेगळे सांगावयास नको.

मुळाशी साम्य

पिकाचे मूळही असेच वाढते. त्याची वाढ टोकाजवळच्या थोड्याशा भागात होते. टोकावर संरक्षक टोपी व बुळबुळीत स्राव असतो. मागील भाग स्थिर राहून केशमुळांनी जमीन धरून ठेवतो.

जमिनीत शिरण्यासाठी २०२१ साली संशोधकांनी नळीच्या टोकातून हवा सोडून वाळू सैल करण्याची युक्ती केली. चिकट काळ्या जमिनीची गोष्ट वाळूहून निराळी. पण धडा तोच: टोकापुढील माती सैल असेल, तरच वाट मिळते. मुळापाशी हवेचा पंप नाही. ते काम शेतकऱ्यानेच केले पाहिजे.

सभेत दाखविण्याचे प्रात्यक्षिक

ग्रामसेवकांनी एक लांब, अरुंद, तळाशी बंद असलेली प्लॅस्टिकची पिशवी घ्यावी. बाहेरून तोंडापासून तळापर्यंत शाईचे ठिपके द्यावेत. तळ आत ढकलून तोंडाजवळ आणावा आणि पिशवी दोन विटांमधील फटीपुढे ठेवावी. तोंड हातात आवळून धरून हळूहळू फुंकावे. पिशवी टोकाने वाढत फटीत शिरेल. आधीच बाहेर असलेले ठिपके मात्र जागचे हलणार नाहीत. हे पाहिल्यावर मुळाची वाढ समजावून सांगणे सोपे जाते.

शेतात काय पाहावे

एकाच खोलीवर वर्षानुवर्षे नांगरट केल्याने, तसेच ओल्या जमिनीत ट्रॅक्टर फिरविल्याने नांगराच्या तळाखाली कठीण थर बनतो. पीक उभे असताना एका झाडाशेजारी खड्डा खणून मुळे पाहावीत. ती सरळ खाली न जाता एका पातळीवर आडवी वळली असतील, तर थराची शंका घ्यावी व पहार रोवून खात्री करून घ्यावी.

थर आढळल्यास जमीन कोरडी असताना तो फोडावा, शेणखत व हिरवळीचे खत द्यावे आणि वाफसा आल्यावाचून मशागत करू नये. पावसाने ताण दिला असता खालच्या ओलाव्यापर्यंत पोहोचलेले मूळच पीक तगवून धरते. ते तेथवर पोहोचेल की नाही, हे त्याच्या टोकापुढील बोटभर मातीवर ठरते.