एमएच-१२ ची केए होताना

चामराजपेट ही बेंगळुरूची जुनी, आखून वसवलेली पेठ. म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वडेयर यांच्या नावाची, १८९२ सालची. कन्नड साहित्य परिषदेचं कार्यालय इथंच आहे, आणि थोडं पुढे गेलं की जे. सी. रोडवर गाड्यांच्या स्पेअर पार्टची दुकानं सुरू होतात. इथल्या घरासमोर महाराष्ट्राच्या नंबरची गाडी रोज उभी राहिली की ती लपत नाही. शेजारी ओळखतात, ट्रॅफिक पोलीस ओळखतो, आणि एक दिवस आरटीओचं तपासणी पथकही ओळखतं.

प्रस्तुत लेखकाची पुण्यात नोंदलेली गाडी अशीच एका सकाळी बाजूला घ्यायला लावली गेली. निरीक्षकांनी लायसन मागितलंच नाही. "टॅक्स कट्टिदीरा सार?" म्हणजे टॅक्स भरलाय का, एवढंच विचारलं. पुण्यात एकरकमी भरलाय, हे उत्तर खरं होतं. पण तो कर महाराष्ट्राच्या तिजोरीत गेला, कर्नाटकाच्या नाही. पुढची सगळी पायपीट या एका वाक्यातून निघाली.

कायदा यात फारसा गुंतागुंतीचा नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ४६ सांगतं की एका राज्यातली नोंदणी देशभर चालते. कलम ४७ लगेच त्याला मर्यादा घालतं: गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहिली तर तिथला नवा नंबर घ्यायचा. कर्नाटकाने २०१४ मध्ये आपल्या कर कायद्यात दुरुस्ती करून तीस दिवसांतच आजीवन कर मागायला सुरुवात केली होती. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने ती दुरुस्ती रद्द ठरवली. म्हणून आज वाद होतो तो बहुधा बारा महिन्यांचाच. ते कधी सुरू झाले हे सांगायला मात्र कागद लागतो, तोंडी हिशेब रस्त्यावर कोणी ऐकत नाही. घराचा भाडेकरार, गाडी ट्रकवर चढवून आणली असेल तर वाहतूकदाराची पावती, स्वतः चालवत आणली असेल तर फास्टॅगचं टोलनाक्यांचं स्टेटमेंट, हे सगळं गाडीतच ठेवावं. लेखकाला त्या सकाळी तारून नेलं ते मोबाइलमधल्या फास्टॅगच्या नोंदींनी.

खरा घोळ होतो तो कामांच्या क्रमात. नवा नंबर बेंगळुरूत मिळतो, पण त्याची किल्ली जुन्या आरटीओत असते. तिचं नाव एनओसी, म्हणजे फॉर्म २८. ती मिळण्याआधी दोन गोष्टी आड येतात. पहिली, थकलेलं ई-चलन. कोण्या नातेवाइकाने कधीतरी सिग्नल तोडलेला असतो, मेसेज बंद पडलेल्या नंबरवर गेलेला असतो. दुसरी आणि जास्त छळणारी, बँकेचा बोजा. कर्ज फिटलं तरी आरसी बुकावरचं बँकेचं नाव आपोआप पुसलं जात नाही. त्यासाठी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो, आणि त्या पत्रावर बहुधा मुदत छापलेली असते. लेखकाच्या कपाटात पत्र होतं, मुदत उलटून गेलेली. बँकेकडून ते नव्याने आणावं लागलं. कर्ज फिटलं त्याच आठवड्यात बोजा उतरवून घेणं हे सोन्यासारखं काम आहे, आणि ते जवळजवळ कोणीच करत नाही.

फॉर्म २८ वर चेसिस नंबरची पेन्सिल छाप लागते. गॅरेजवाला बॉनेट उघडतो, रॉकेलच्या फडक्याने ग्रीस पुसतो, नंबरावर पातळ कागद दाबून धरतो आणि पेन्सिल आडवी धरून घासत नेतो. अक्षरं हळूहळू उमटतात. एखादा आकडा पुसट आला तर कागद परत येतो, म्हणून तीन-चार छापा एकदमच काढून ठेवाव्यात. अर्जावर निर्णय द्यायला कायद्याने तीस दिवस दिलेत. तेवढ्यात नकारही आला नाही तर एनओसी दिली असं मानलं जातं. हे कलम ४८ माहीत असलं की काउंटरवरच्या माणसाशी बोलताना आवाज आपोआप खाली येतो, चिडावं लागत नाही.

मग कर्नाटकाचा आजीवन कर. नव्या पेट्रोल कारवर महाराष्ट्रात किमतीनुसार ११ ते १३ टक्के कर बसत आला आहे. कर्नाटकात तो पाच लाखांच्या आत १३ आणि वीस लाखांच्या वर १८ टक्के, शिवाय उपकर वेगळा. गाडी जितकी जुनी तितका आकडा खाली येतो, तरी पहिल्यांदा ऐकताना घाम फुटतोच. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मिळतो, पण त्यासाठी जुन्याच आरटीओत अर्ज करावा लागतो, कर्नाटकातली नवी आरसी आणि कराची पावती जोडून. मूळ कागद हातातून जाण्याआधी आरसी आणि जुन्या पावतीच्या चांगल्या झेरॉक्स काढल्या नाहीत, तर हा परतावा बहुतेक विसरायचाच. एजंट हे सांगत नाही. त्याचं काम नंबर मिळाला की संपतं.

नंबरप्लेटची वेळ सगळ्यात शेवटी येते, आणि गंमत म्हणजे लोक तिथूनच सुरुवात करतात. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्या हाय सिक्युरिटी प्लेट लावूनच शोरूममधून निघतात. जुन्या गाड्यांसाठी कर्नाटकाने १७ नोव्हेंबर २०२३ ही पहिली मुदत दिली आणि पुढे ती ढकलत नेली. महाराष्ट्रानेही ३१ मार्च २०२५ ची मुदत अशीच ताणली. तारीख ऐकून घाबरलेले लोक कारसाठी ७४५ रुपये अधिक जीएसटी मोजून एमएचची प्लेट बसवतात आणि पुढच्याच महिन्यात केएचा नंबर घेतात. पैसे पाण्यात. अशोकचक्राचा होलोग्राम, कोपऱ्यातला लेझरने कोरलेला दहा अंकांचा क्रमांक, एकदा बसला की तोडल्याशिवाय न निघणारं कुलूप, हे सगळं त्या एका नंबराशी बांधलेलं असतं. बुकिंग परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरून पुढे जाऊनच करावं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या लिंकवरून पैसे भरलेल्यांना प्लेटही मिळत नाही आणि पैसेही. रस्त्याकडेला मिळणारी हुबेहूब दिसणारी प्लेट तर फुकटही घेऊ नये. आणि हो, ४१४१ चा 'दादा' किंवा २१४ चा 'राम' करायची आपली हौस या प्लेटवर भागत नाही.

ज्यांची नोकरीच बदलीची आहे त्यांनी या फेऱ्यात पडूच नये. सप्टेंबर २०२१ पासून बीएच मालिका सुरू आहे. केंद्र-राज्य सरकारी नोकर, लष्करातले लोक आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांना ती घेता येते. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा, राज्य बदललं तरी नंबर तोच. जुना नंबर बीएचमध्ये बदलून घेण्याची सोयही डिसेंबर २०२२ पासून झाली आहे.

केएचा नंबर हातात आला की विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर नंबर बदलून घ्यावा आणि फास्टॅगही नव्या नंबरावर करून घ्यावा. अपघाताचा क्लेम अडकतो तो अशा विसरलेल्या नोंदीवरच. पुण्या-कोल्हापुराहून बेंगळुरूला यायला निघालेल्यांनी सामान बांधण्याआधी तिकडेच तीन कामं उरकावीत: चलन भरणं, बोजा उतरवणं, एनओसीचा अर्ज. इथे आल्यावर त्यांच्यासाठी रजा टाकून परत जावं लागू शकतं.