मांडणीवरची मूलद्रव्यं

अगं, किती घाबरलीस! ११८ मूलद्रव्यं, १८ गण, ७ आवर्तनं, त्यात लेकीची दहावी आणि तुझं ऑफिस. खरं सांगू का, पुस्तक जरा बाजूला ठेव आणि तिला घेऊन ओट्यापाशी उभी राहा. तुला जमणार आहे हे.

सासूबाईंची माळ्यावरची भांडी खाली काढ. तांबं हे मूलद्रव्य, पितळ म्हणजे तांबं आणि जस्ताचं संमिश्र. मग रविवारी दोघी कसबा पेठेत तांबट आळीत जा. पेशवाईपासूनची ही तांबटांची वस्ती. मठारकामाचे ठोके लांबूनच ऐकू येतील. जवळपास कल्हईवाला कुठे बसतो तेही तिथेच विचार आणि तो काम करत असताना तिला नीट बघू दे, फक्त धुरापासून लांब उभ्या राहा. भांडं तापवून त्यावर नवसागर टाकतात, त्यानं पृष्ठभाग स्वच्छ होतो. मग कथिल टेकवलं की लगेच वितळतं आणि कापसानं आतून फिरवलं की लख्ख थर चढतो. कथिल २३२ अंशांना वितळतं, तांब्याला १०८५ लागतात, म्हणून भांड्याला काही होत नाही. द्रवणांक तिला पुन्हा शिकवावा लागणार नाही बघ.

आणि हे तुझ्यासाठी गं: कल्हई उडालेल्या भांड्यात ताक, आमटी, सार काही ठेवायचं नाही. आंबटानं तांबं अन्नात उतरतं, ताक कळकतं, मग मळमळ आणि उलट्या. तांब्याच्या कळशीत साधं पाणी खुशाल ठेव, लिंबू मात्र पिळू नकोस.

आता गण. टूथपेस्टमध्ये फ्लोरिन, नळाच्या पाण्यात क्लोरीन, मिठाच्या पुडीत आयोडीन. रूपं वेगवेगळी, पण तिघंही गण १७ मधले! मोबाइलच्या बॅटरीतलं लिथियम, मिठातलं सोडियम, केळ्यातलं पोटॅशियम, ही गण १ मधली, एकाखाली एक. सोडियम पाण्यात टाकलं तर भडकतं, क्लोरीन वायू विषारी, आणि दोघांचं मिळून आपलं रोजचं मीठ होतं. मला तर याचं अजून नवल वाटतं. मिठाची बरणी मात्र घट्ट लाव आणि शेगडीपासून लांब ठेव. उष्णतेनं आणि दमटपणानं आयोडीन उडून जातं.

एका गोष्टीत मी हट्ट धरणार आहे. पारा दाखवायचा म्हणून काचेचा जुना थर्मामीटर तिच्या हातात देऊ नकोस. चुकून फुटलाच तर पंखा बंद कर, खिडक्या उघड, झाडू अजिबात मारू नकोस. हातात मोजे घालून कडक कागदानं गोळ्या गोळा कर, घट्ट झाकणाच्या बरणीत भर, नेहमीच्या कचऱ्यात टाकू नकोस. आणि रात्र असो की दिवस, मला आधी फोन कर.